चिमूटभराचा हिशेब

१९२८ साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या, त्या बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांचा माग काढायला. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना जागा मिळाली. आजूबाजूला गिरणगाव. तिथल्या गरीब बायकांमध्ये, विशेषतः गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत, एक चमत्कारिक पंडुरोग दिसत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने घटलेल्या, पण आकाराने फुगलेल्या. लोह कमी पडले की पेशी लहान आणि फिकट होतात. इथे उलटा प्रकार होता. लोहाची औषधे देऊन रक्त चढत नव्हते, आणि जिचे रक्त असे उतरले ती बाळंतपणातून सुखरूप उठेल याची हमी कुणी देत नसे.

विल्सबाईंनी आधी जंतू शोधून पाहिले. हाती काही लागले नाही, तेव्हा त्यांनी चुलीकडे मोर्चा वळवला. कोणत्या घरात काय शिजते, पानात भाजी किती पडते, दूध-फळे कधी येतात का, याची पाहणी केली. त्या काळच्या त्यांच्या निबंधांवर मेहता आणि तळपदे ही सहकाऱ्यांची नावे आहेत. घरोघरच्या चौकशीचा भार त्यांनी उचलला असणार. जिच्या पानात भाजी, फळे आणि दूध सर्वांत कमी, तिला हा आजार सर्वांत जास्त, असे दिसून आले. मग गिरणगावातल्या गरिबाचे जेवण उंदरांना घालून पाहिले. उंदीर फिकुटले खरे, पण त्यांना उवांवाटे पसरणाऱ्या एका जंतूची बाधा होती आणि ती बाधाही रक्त खाते, त्यामुळे निष्कर्ष डळमळला. नंतर माकडांवर प्रयोग झाले. माकड बरे करायला काय काय द्यावे या खटाटोपात त्यांच्या हाती मार्माइटची बरणी आली. दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टचा हा काळा, खारट अर्क. इंग्रज लोक पावाला लावून खातात आणि बाकीचे जग नाक मुरडते. पण तो स्वस्त होता, आणि माकडे त्याने तरतरीत झाली. मग तो बायकांना दिला. काही दिवसांतच रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये हे सगळे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. अर्कात नेमके काय आहे हे मात्र माहीत नव्हते. लोक त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा काढला गेला, आणि १९४५ मध्ये लेडर्ली कंपनीतल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तो प्रयोगशाळेत तयार केला. आज गावोगावच्या आशाताईच्या पिशवीत लोहाबरोबर जी गोळी असते, तिच्यातले हेच फॉलिक अॅसिड.

या शोधाचे श्रेय आपल्या परळला जाते, ही गोष्ट मुंबईकरांना फारशी ठाऊक नाही. पण मी विल्सबाईंपासून सुरुवात केली ती अभिमानासाठी नाही. त्यांच्या गोष्टीला एक शेपूट आहे, आणि जीवनसत्त्वांचा सगळा गुंता त्या शेपटात आहे.

फॉलिक अॅसिड बाजारात आले तेव्हा डॉक्टरांनी ते मोठ्या पेशींच्या प्रत्येक पंडुरोग्याला देऊन पाहिले. रक्त सुधारले. पण काही रुग्णांचे पाय बधिर होऊ लागले, चाल बिघडली, मज्जारज्जूला इजा झाली. कारण त्यांच्यात मुळात कमी होते ते फॉलिक अॅसिड नव्हे, तर बी १२. हे दुसरे जीवनसत्त्व १९४८ मध्ये यकृतातून वेगळे झाले. दोघांच्या अभावी रक्त सारखेच दिसते, कारण पेशी विभागण्याच्या एकाच कामात दोघे एकमेकांना धरून असतात. मज्जातंतूंचे कवच सांभाळायचे काम मात्र बी १२ चे. नुसत्या फॉलिक अॅसिडचा डोस भरपूर दिला की रक्ताचा रिपोर्ट सुंदर येतो आणि आत नसा पोखरल्या जात राहतात.

आता परळहून पुण्याला या. १९९३ पासून केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा सुरू केला आणि पुढे त्यांच्या मुलांचाही. शेतात राबणाऱ्या, भाजी-भाकरी खाणाऱ्या या बायका. त्यांच्यात फोलेटची, म्हणजे अन्नातल्या फॉलिक अॅसिडची, कमतरता जवळजवळ कुणालाच नव्हती. प्राणिज अन्नातूनच मिळणारे बी १२ मात्र साठ टक्क्यांच्या आसपास जणींत कमी. मुले सहा वर्षांची झाली तेव्हा तपासणीत दिसले की ज्या आयांचे फोलेट चढते आणि बी १२ उतरते होते, त्यांच्या मुलांमध्ये इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. म्हणजे मधुमेहाकडे जाणारी वाट आईच्या पोटातच थोडी आखली गेली होती. हा निबंध २००८ सालचा. गिरणगावातल्या बायका आणि पुण्याजवळच्या शेतकरी बायका यांची तुलना काटेकोर होणार नाही, दोघींचे जेवण वेगळे आणि काळही वेगळा. तरी एका बाजूला फोलेटविना खंगणारी आई आणि दुसऱ्या बाजूला फोलेट पुरेसे असून बी १२ विना अडलेली आई, हे दोन्ही प्रसंग दीडशे किलोमीटरच्या परिघात घडले, हे विसरता येत नाही.

इथे लगेच एक गोष्ट ठासून सांगतो, कारण अशी माहिती अर्धी वाचून लोक नको तो निर्णय घेतात. फॉलिक अॅसिड घेऊ नये असा याचा अर्थ मुळीच नाही. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतो ती नळी गर्भधारणेनंतर अठ्ठावीस दिवसांच्या आत मिटते. पुष्कळ बायकांना तोपर्यंत दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, आधी ही नळी नीट न मिटलेले अपत्य झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अॅसिड दिल्यावर ती व्यंगे ७२ टक्क्यांनी घटली. इतका स्वच्छ निकाल आहारशास्त्रात क्वचित लागतो. पुण्याचा अभ्यास एवढेच सांगतो की शाकाहारी घरातल्या सुनेला ही गोळी देताना तिच्या बी १२ कडेही पाहा.

प्रस्तुत पुस्तक अशाच जोड्यांचे आहे. कोणते जीवनसत्त्व कशात असते याच्या याद्या शाळेपासून आपल्या पाठ आहेत: गाजर म्हणजे ए, लिंबू म्हणजे सी, ऊन म्हणजे डी. याद्या खोट्या नाहीत, पण त्यांनी प्रश्न सुटत नाही. एक माणूस दुसऱ्याशी कसा वागतो हे दोघांच्या स्वतंत्र कुंडल्या पाहून कळत नाही, तसेच लोह आणि चहा, जस्त आणि तांबे, कॅल्शियम आणि डी यांचे आहे.

आधी मापाचा अंदाज घेऊ. भात, डाळ, तेल यांतून शरीराला जळण आणि बांधकामाचे सामान मिळते, ते किलोने लागते. जीवनसत्त्वे आणि सूक्ष्म खनिजे जळत नाहीत. पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या विकरांना ती हाताशी लागतात, आणि काम झाल्यावर बहुतेक वेळा पुन्हा वापरली जातात. म्हणून त्यांचे प्रमाण हास्यास्पद वाटावे इतके थोडे. प्रौढ माणसाला रोज दीडशे मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. सत्तर वर्षांचे सगळे एकत्र केले तरी चार ग्रॅम भरत नाही. बी १२ तर याहून कमी, जन्मभराचे शंभर मिलिग्रॅमसुद्धा होणार नाही. पण गर्भाला ते आयोडीन मिळाले नाही तर मूल बुद्धीने मागे राहते, आणि ती उणीव नंतर कितीही आयोडीन देऊन भरून येत नाही.

साठ्याचा हिशेबही ज्याचा त्याचा निराळा. थायमिन, म्हणजे बी १, शरीरात दोन-तीन आठवडे पुरेल इतकेच शिल्लक असते. दारूच्या आहारी गेलेला माणूस किंवा सतत उलट्या होणारी गरोदर बाई थोड्या दिवसांत गंभीर होऊ शकते. सी तुटले की एक ते तीन महिन्यांत हिरड्या सुजतात. फोलेट तीन-चार महिने टिकते, म्हणून गरोदरपणाच्या अखेरीस विल्सबाईंच्या रुग्ण कोसळत होत्या. बी १२ मात्र यकृतात वर्षानुवर्षे टिकते. मांसाहार सोडलेल्या माणसाला चार वर्षे काहीच होत नाही आणि तो सगळ्यांना सांगत सुटतो की बघा, मला काही झाले नाही. पाचव्या वर्षी पायांना मुंग्या येऊ लागतात आणि तो त्या मधुमेहाच्या खात्यावर टाकतो. मधुमेह असेल तर आणखी घोटाळा, कारण त्यासाठी घेतलेले मेटफॉर्मिनच बी १२ शोषू देत नाही. वर्षानुवर्षे चालणाऱ्या आम्लपित्ताच्या गोळ्याही तेच करतात.

लोहाकडे वळू. १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांचे हिमोग्लोबिन कमी, असे २०१९-२१ चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. सरकारची लोहाच्या गोळ्यांची योजना १९७० पासून चालू आहे. पन्नास वर्षे गोळ्या वाटून आकडा हलत का नाही, यावर तज्ज्ञांत कडाक्याचे वाद आहेत: बोटाला टोचून घेतलेल्या रक्ताची तपासणी कितपत खरी, मर्यादेची रेघ भारतीयांना लागू पडते का, आणि हा सगळा पंडुरोग लोहाचाच आहे का. लेखिकेने या वादाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे, ते योग्यच. मला त्यात भर घालायची आहे ती स्वयंपाकघरातली. धान्य-डाळी-भाज्यांतल्या लोहापैकी शंभरातले जेमतेम पाच-दहा भाग अंगी लागतात. ज्वारी-बाजरीच्या कोंड्यातले फायटेट लोहाला धरून ठेवते, चहातले टॅनिन त्याला बांधते. उलट सी जीवनसत्त्व त्याच जेवणात असेल तर लोह सुटते. पोह्यांवर लिंबू पिळणे, मटकीला मोड आणून उसळ करणे, अंबाडीची भाजी, भाकरीबरोबर कच्चा कांदा-टोमॅटो, या सगळ्यांत काही ना काही शहाणपण आहे. मोड आणल्याने फायटेट घटते आणि सी तयार होते. आणि मग आपण त्याच पोह्यांच्या बशीशेजारी कपभर चहा ठेवतो आणि लिंबाने कमावलेले घालवतो. चहा तासभर पुढे ढकला असे सांगितले तर महाराष्ट्रात कुणी ऐकेल, अशी माझी आशा नाही. पण निदान लोहाची गोळी तरी चहाबरोबर घेऊ नका.

ज्वारीचा विषय निघालाच आहे तर तोही सांगून टाकतो. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून ज्वारीला एकदम मानाचे पान मिळाले. खेड्यातली भाकरी शहरात महागड्या पाकिटात येऊन बसली. चांगलेच झाले. पण दख्खनच्या पठारावर ज्वारीचा आणखी एक इतिहास आहे. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये लिहिले की केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होतो. उन्हाला उघड्या राहणाऱ्या त्वचेवर काळपट चट्टे, जुलाब, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर बुद्धिभ्रम. हा नियासिन या जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार. तोवर तो मक्यावर जगणाऱ्यांचा समजला जाई. अमेरिकेच्या दक्षिणेकडे जोसेफ गोल्डबर्गर यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्याचे मूळ जंतूत नसून गरिबीच्या ताटात आहे, हे दाखवले होते. ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असल्याने नियासिनचे गणित बिघडते, असे गोपालन यांचे म्हणणे. त्यावर पुढे बराच खल झाला. पण एक गोष्ट निर्विवाद आहे: भाकरीबरोबर पिठले, आमटी, ताक, थोडी भाजी असली की पेलाग्रा फिरकत नाही. दोष ज्वारीत नव्हता, तिच्याजोडीला ताटात दुसरे काही नव्हते यात होता.

आता अतिरेकाकडे. या भागात मी जरा रेंगाळणार आहे, कारण विषबाधा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कीटकनाशक येते, दुधाचे पातेले येत नाही.

विसाव्या शतकात बराच काळ भारतातली, आणि त्यातही पुण्याच्या आसपासची, लहान मुले एका आजाराने जात. मूल वर्ष-दोन वर्षांचे होईतो ठणठणीत. मग चिडचिड, भूक मरते, पोट फुगते, यकृत हाताला दगडासारखे कडक लागते, कावीळ होते, आणि काही महिन्यांत सगळे संपते. एकाच घरात दोन-दोन मुले गेलेली असत. वैद्यकीच्या पुस्तकांत त्याला इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस म्हणत. आनुवंशिक दोष, विषाणू, बुरशी, फार तूप, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. यकृताचे तुकडे तपासले तेव्हा त्यांत तांबे सापडले, आणि तेही निरोगी मुलाच्या कितीतरी पट. तांबे आले कुठून?

पुण्याच्या केईएममधले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत आजारी मुलांच्या घरी दूध कसे तापवतात, कशात ठेवतात, हे विचारायला सुरुवात केली. उत्तर पितळेच्या भांड्यात होते. कल्हई उडालेले, घासून लखलखीत ठेवलेले पितळी पातेले. आईचे दूध लवकर तोडून बाळाला गाई-म्हशीचे दूध सुरू केलेले, आणि ते या भांड्यात तापवून तासन्‌तास ठेवलेले. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. पाण्यात त्यातले तांबे फारसे उतरत नाही, पण दुधातले केसिन ते ओढून घेते. १९८३ मध्ये लॅन्सेटमध्ये हे प्रथम मांडले गेले, १९८७ मध्ये आजारी आणि निरोगी मुलांच्या आहाराच्या तुलनेने ते पक्के होत गेले. आईच्या दुधात तांबे अगदी थोडे असते. केवळ अंगावर पिणारी मुले या संकटातून सुटत होती.

या गोष्टीतला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग असा की बळी पडले ते निष्काळजी घरातले मूल नव्हे. भांडी चकचकीत घासणारी, दूध उकळल्याशिवाय न देणारी, चांगल्या खात्यापित्या घरातली आई यात सापडली. कल्हईवाला दारावर येत होता तोवर पातेल्याच्या आत कथिलाचा थर असे आणि दूध पितळेला लागत नसे. पण कल्हईला पैसे पडतात, ती झिजते, आणि ती चवीसाठी आहे असेच बहुतेकांना वाटे. पुढे पालकांना सांगितले गेले, स्टीलची भांडी घरोघर आली आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञाने तो बहुधा पुस्तकातच वाचलेला असतो. सगळ्याच पितळ वापरणाऱ्या घरांत मुले आजारी पडली नाहीत, तेव्हा काही जन्मजात कल असावा असेही अभ्यासक मानतात. हा प्रकार फक्त आपल्याकडचाही नाही. ऑस्ट्रियातल्या टिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ मुले अगदी अशाच आजाराने दगावली. तिथेही बाळाचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात तयार होत असे.

सध्या तांब्याच्या बाटलीतले पाणी पिण्याची फॅशन आहे. धडधाकट मोठ्या माणसाचे यकृत जास्तीचे तांबे पित्तावाटे बाहेर टाकते, तेव्हा साध्या पाण्याने बहुधा काही बिघडत नाही. त्यात लिंबू पिळलेले सरबत किंवा ताक भरून ठेवू नका, आणि बाळाचे दूध तर नकोच.

अतिरेक जमिनीतून येतो तेव्हा माणसाच्या हातात फार काही नसते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड सापडते. लिटरला दीड मिलिग्रॅम ही आपल्याकडची शेवटची मर्यादा. त्यापुढे आधी मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे उठतात, मग वर्षानुवर्षांनी सांधे आणि पाठ ताठरते. जेवणात कॅल्शियम कमी असेल तर तडाखा मोठा बसतो, म्हणजे एका खनिजाच्या अभावाने दुसऱ्याचा अतिरेक वाढतो. तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड काढायची स्वस्त पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने बसवून दिली. ती तेलंगणातल्या नालगोंडाच्या नावाने ओळखली जाते. पण पद्धत असणे आणि गावच्या टाकीवर ती रोज चालणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर ग्रामपंचायतीच्या बैठकांत मोजायचे असते.

याच धर्तीची अगदी अलीकडची घटना बुलढाण्याची. २०२४ च्या डिसेंबरअखेर आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस मुळासकट हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. अडीचशेहून जास्त लोकांना हा त्रास झाला, वर्तमानपत्रांनी 'टक्कल व्हायरस' असे नाव देऊन टाकले, पोरीबाळींनी शाळा-कॉलेज टाळले. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथे जाऊन नमुने तपासून घेतले आणि रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम चढलेले आणि जस्त उतरलेले आढळले, असे त्यांनी सांगितले. सेलेनियम शरीराला हवेच, ते नसल्याने चीनमधल्या केशान भागात हृदयविकाराने माणसे मेली. पण गरज आणि बाधा यांच्यातली पट्टी फार अरुंद, आणि बाधेची पहिली खूण केस आणि नखांवरच दिसते.

सगळ्यांत टाळता येण्यासारखा अतिरेक मात्र आपण पैसे देऊन विकत घेतो. डी जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे, असे डॉक्टर लिहून देतात. प्रौढाची रोजची गरज सहाशे युनिट. कागदावरचे 'आठवड्यातून एकदा' घरी पोचेतो 'रोज एकदा' होते, किंवा गुडघे जरा बरे वाटले म्हणून आजोबा तोच कागद दाखवून वर्षभर औषध आणत राहतात, वर कुणी इंजेक्शनही देते. डी चरबीत साठते, लघवीवाटे निघून जात नाही. मग रक्तात कॅल्शियम चढते. तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, आणि मग बरळणे. घरचे म्हणतात, म्हातारपण आले. असे रुग्ण माझ्या पाहण्यात आले आहेत. मूत्रपिंडे बिघडल्यावरच ते दाखल होतात, आणि औषधे कोणती चालू आहेत असे विचारले की पुडीचा उल्लेख कुणी करत नाही, कारण ती त्यांच्या लेखी औषध नसतेच, 'टॉनिक' असते. काचेच्या खिडकीआड बसून घेतलेल्या उन्हाने डी तयार होत नाही, काच त्यासाठी लागणारे किरण अडवते. तेव्हा पुडीची गरज फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पुष्कळांना खरोखरच असते. म्हणून तर मोजून घ्यायची.

पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे जास्त झाली तर लघवीतून जातात, तेव्हा ती निर्धोक, हा समज सुशिक्षितांतही घट्ट आहे. बी ६ मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतल्याने हातापायांच्या नसा बधिर होतात, हे १९८३ पासून नोंदलेले आहे. केसांसाठी घेतलेले बायोटिन स्वतः फारसे काही करत नाही, पण थायरॉइडच्या काही रक्त-तपासण्यांचे आकडे बिघडवते आणि निरोगी बाईला थायरॉइडची रोगी ठरवू शकते. आणि फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेली चाचणी तर प्रत्येक 'अँटिऑक्सिडंट' विकणाऱ्याने भिंतीवर लावावी. गाजर-भाज्या खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, मग भाज्यांतले बीटा कॅरोटिन गोळीतून द्यावे, असा सरळ तर्क होता. १९९४ मध्ये निकाल लागला: गोळी घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्के जास्त. अमेरिकेतली अशीच दुसरी चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली.

हे वाचून सगळ्या सरकारी योजना आणि सगळ्या गोळ्या संशयास्पद वाटू लागतील, तर मिठाची पुडी हातात घ्या. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून काही भागांत आयोडीनयुक्त आणि काही भागांत साधे मीठ वाटून गलगंड कसा ओसरतो ते दाखवले. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आता पुडीवर आयोडीनचे प्रमाण छापलेले असते आणि आपण ते वाचतही नाही, इतके ते अंगवळणी पडले आहे. तिथे माणसाला काही ठरवावे लागत नाही, चिमूट आपोआप योग्य मापाची पडते. बाकी बहुतेक ठिकाणी ते माप कुणीतरी, बहुधा घरातल्या बाईने, रोज बसवायचे असते, आणि तिला ते नीट सांगणारे पुस्तक मराठीत हवे होते.

लेखिकेने ते लिहिले आहे. के जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम यांना त्यांनी फार थोडक्यात आटोपले, हे मला खटकले. तृणधान्यांवरचे आणि रक्त-तपासणीच्या पॅकेजांवरचे प्रकरण मात्र मी दोनदा वाचले. पुस्तक सलग वाचलेच पाहिजे असे नाही. घरात जो आजार किंवा जी गोळी असेल तिथून उघडावे.

वाचताना घरातली सगळी औषधे, पुड्या, 'टॉनिके' समोर मांडून बसा आणि त्यांची यादी पुढच्या खेपेस डॉक्टरांना दाखवा. शाकाहारी असाल, साठीपुढचे असाल किंवा मेटफॉर्मिन घेत असाल तर बी १२ चा विषय तुम्हीच काढा. पुस्तक वाचून कुणी स्वतःहून नवी गोळी सुरू करू नये, आणि गरोदर बाईने चालू असलेली लाल गोळी बंद करू नये. ती गोळी घरातल्या लहान मुलाच्या हाती लागणार नाही अशा उंच फळीवर ठेवा. लोहाच्या मूठभर गोळ्या गिळल्या तर लहान मूल दगावू शकते.